नोरा बटरवर्थचे दोन आवाज

नोरा बटरवर्थकडे दोन आवाज होते. एक घरचा, एक टेलिफोनचा. टेलिफोनचा साहेबी आवाज ती डॉक्टरकडे, बँकेत आणि चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, वापरायची. घरचा आवाज आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होता. आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी, आणि भिंती गिरणीमालकाने कामगारांसाठी बांधलेल्या, म्हणजे नावापुरत्या. मी माझ्या घरात चहा ढवळत असले तरी तिच्याकडे कोण बूट न पुसता शिरलं ते मला कळायचं.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पोरांच्या कल्लोळावर आवाज चढवायचा रोजचाच सराव. पण मनातून तिला एकच हवं होतं. चॅपलच्या वर्धापनाच्या वार्षिक रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून बायबलचा उतारा वाचायचा. तो मान वर्षानुवर्षं पिलिंगबाईंचा. बाई बँक मॅनेजरच्या पत्नी, त्यांना टेलिफोनचा आवाज जन्मतःच मिळालेला. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पाद्रीसाहेबांनी नोराला विचारलं.

उतारा नावांचा होता. कुणाचा मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण. बटाटे सोलता सोलता नोरा ती नावं टेलिफोनच्या आवाजात घोकू लागली.

"ती माणसं वाळवंटातली," तिचा नवरा वॉल्टर म्हणाला. "तू त्यांना राणीच्या चहाला का बसवतेस?"

वॉल्टर गिरणीच्या ब्रास बँडमध्ये मोठ्या भोंग्याचं वाद्य वाजवायचा. संगीत म्हणजे इस्त्रीचा कोट आणि पाठ केलेलं पान, असं त्याचं मत. त्यामुळे त्यांचा कीथ, एकोणीस वर्षांचा, बेकार, शर्टाला सेफ्टी पिना टोचून पंक म्हणतात तसला आरडाओरडीचा बँड काढून बसला तेव्हा वॉल्टरला खरं दुःख झालं ते एवढ्याचंच, की चौघांना मिळून तीनच सूर येत होते. बँडचं नावही त्यांनी 'तुंबलेली मोरी' असं ठेवलं होतं. तरी ब्रास बँडच्या तालमीच्या खोलीची किल्ली वॉल्टरनेच दिली. पोटचं पोर होतं.

त्या खोलीत त्यांनी आपली पहिली रेकॉर्ड केली. गिटारवाल्या क्लाइव्हने टेपचं मशीन कुणाकडून तरी मागून आणलं होतं, ते संध्याकाळी परत द्यायचं होतं, आणि टेप एकच. 'रांग' हे बेकारीवरचं गाणं झालं. दुसरं चालू असताना जेवायची वेळ टळून गेली, म्हणून नोरा मटण-बटाट्याचं भांडं टॉवेलात गुंडाळून तिथे पोचली. दारातून तिला जमिनीवरचा चिखल दिसला.

"पाय पुसा आधी, मेल्यांनो! हे कोण काढंल, तुमचा बा? बंद करा तो कालवा, जेवण गार होतंय!"

पोरांनी वाजवणं थांबवलं नाही. तिच्या ओरडण्यासकट टेप संपली.

वॉल्टर म्हणाला, "आता पुन्हा घ्या. आम्ही स्पर्धेच्या आधी एक ओळ दिवसभर घासायचो."

"काका, पुन्हा कशाला?" क्लाइव्ह म्हणाला. "चूकच तर झकास आलीय."

हे काही वॉल्टरला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या पोरांमध्ये चूक दुरुस्त करणं हा कमीपणा होता. गाण्याचं नावच त्यांनी 'पाय पुसा' ठेवलं आणि ते पहिल्या बाजूला टाकायचं ठरवलं.

रेकॉर्डी आल्या त्या कोऱ्या पांढऱ्या लेबलांच्या. बाकी सगळं घरी. मी आणि नोरा तिच्या टेबलाशी बसून मैद्याच्या खळीने कव्हरं चिकटवत होतो. लेबलांवर आकड्यांचे शिक्के मारायचं काम नोराकडे. पहिल्या बाजूवर एक, दुसऱ्या बाजूवर दोन. कीथने नमुन्याला एक रेकॉर्ड लावली तेव्हा तिने स्वतःला पहिल्यांदा ऐकलं. ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

"ही मी?"

"तूच ना, आई. सगळ्यात भारी तूच आहेस."

तो बाहेर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "पिलिंगबाई पहिल्या बाकावर बसणार. आणि मी वाचायला उभी राहिले की लोकांना हे आठवणार, 'मेल्यांनो'."

"चॅपलमधलं कोण ऐकतंय असलं?"

"त्यांची पोरं ऐकतील. ही गल्ली आहे बाई, इथे शिंकलं तरी पलीकडून औषध येतं."

मग तिने शिक्का उचलला आणि 'रांग'च्या बाजूवर एक मारला. स्वतःच्या बाजूवर दोन.

"आमच्याकडे वॉल्टरने जन्मात कधी रेकॉर्ड उलटी केलीय का?" ती म्हणाली. "दुसरी बाजू कुणी ऐकत नसतं."

कीथने पेट्या उचलताना एक रेकॉर्ड लावून पाहिली, उलटी केली, आईकडे पाहिलं.

"चुकून झालं असेल हं," नोरा म्हणाली, टेलिफोनच्या आवाजात. त्यावरूनच त्याला काय ते कळलं. पण दुरुस्त करणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. पेट्या तशाच दुकानात आणि रेडिओवाल्यांकडे गेल्या.

वार्षिक रविवारच्या आदल्या शनिवारी चहाच्या वेळेला रेडिओवर निवेदक म्हणाला, "नव्या पोरांची मी नेहमी दुसरी बाजू आधी ऐकतो. पहिली लोकांसाठी असते, दुसरी खरी असते." आणि भिंतीच्या अलीकडून, पलीकडून, समोरून, सगळ्या गल्लीतून एकाच वेळी नोरा ओरडली.

ती एकटीच गप्प होती. निवेदकाने गाणं लगेच पुन्हा लावलं. दुकानातल्या रेकॉर्डी तासाभरात संपल्या असं क्लाइव्ह धावत सांगायला आला. नोराने त्याला पाय पुसायलाही सांगितलं नाही, तेव्हा मी घाबरले.

"मी उद्या जाणार नाही," ती म्हणाली. "घसा बसलाय म्हणून कळव."

"खुशाल कळवतो," वॉल्टर म्हणाला. "अख्ख्या प्रांताने तो आत्ताच ऐकलाय."

तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. निळी टोपी घालून, ओठ मिटून. चॅपल कधी नव्हे ते भरलं होतं. नोराने पुस्तक उघडलं आणि टेलिफोनच्या आवाजात पहिलं नाव घेतलं. आवाज चिरकला. दुसरं नाव घेतलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. पिलिंगबाई डोळ्याला पट्टी लावून मान खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि कालचं गाणं ऐकून आलेली हिरव्या, गुलाबी केसांची दहाबारा पोरं चिखलाच्या बुटांनी आत आली, मधोमध, कालच पॉलिश केलेल्या फरशीवरून.

नोराने पुस्तक खाली ठेवलं.

"पाय पुसा," ती म्हणाली. ओरडली नाही, पण आवाज घरचा होता.

पोरं होती तिथून मागे फिरली आणि पायपुसण्यापाशी रांग लावून एकेकाने बूट पुसले. कुणी हसलं नाही. पाद्रीसाहेबांनी नकळत आपले पाय खुर्चीखाली घेतले.

नोराने तिसरं नाव त्याच आवाजात घेतलं. ती वाळवंटातली माणसं एकामागून एक अशी आली, जणू तिने त्यांना शाळेच्या जेवणाला रांगेत उभं केलं होतं. एका नावावर ती अडखळली. थांबली, आणि तशीच पुढे गेली.

बाहेर आल्यावर पिलिंगबाईंनी तिचा हात धरला. "मिसेस बटरवर्थ, मला आज कळलं की त्यात एवढे मुलगे होते."

घरी जाताना वॉल्टर म्हणाला, "मधे एका नावाला चुकलीस. ते पुन्हा घ्यायला हवं होतं."

"चहा टाक," नोरा म्हणाली, आणि बूट पुसून आत गेली.