अब्बांच्या आवडीचं वांगं

मित्रांनो, मागच्या आठवड्यात दिग्रसला बाहेरून आलेल्या टोळक्याने केवळ धर्म पाहून माझ्या अब्बांना जिवे मारलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून आमच्या घरी चूल पेटलेली नाही. अम्मी आता गल्ली सोडून पुसदला मामांकडे कायमचं जायचं म्हणत होती.

आज दुपारी गल्लीतल्या बायका घराघरातून डबे घेऊन आल्या. प्रत्येक डब्यात वांग्याची भाजी.

"भाईजानले लय आवडे ना," शेजारच्या राठोडकाकू म्हणाल्या.

अम्मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "त्याइले वांगं बिलकुल आवडत नव्हतं. तुमाले वाईट वाटू नये म्हणून खात होते."

"अन् मी दरवेळी डबल वाढत होती!"

सगळ्या बायका डोळे पुसत हसल्या. मग सगळ्यांनी मिळून तीच भाजी खाल्ली.

संध्याकाळी मामांचा फोन आला. अम्मी म्हणाली, "मिलने आ. लेने मत आ."

तुमच्या घरातही कोणी असं शेजाऱ्यांचं मन राखायला न आवडणारं खायचं का?