बल्ल्या माझ्या आहेत

नारळ माझ्या हातात होता. मिक्सर चालू झाला होता, बाया घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. स्लॅब टाकायच्या आधी ठेकेदारानं नारळ फोडायचा आणि मालकानं त्याला टॉवेल-टोपी द्यायची, ही आमच्या धंद्यातली रीत. ठेकेदार मी होते. आयुष्यातला पहिला ठेका. मी हात वर उचलला आणि घराचे मालक आबा ओरडले,

"ए बाई! ठेव तो खाली. पांढऱ्या कपाळाची बाई माझ्या घरावर नारळ फोडणार का?"

बायांची रांग थबकली. मिक्सर तेवढा फिरत होता. आबांनी माझ्या हातातून नारळ घेतला, घेतला कसला, ओढलाच, आणि मिक्सरवाल्याला दिला. तो भाड्यानं आलेला माणूस, त्याचा त्या घराशी काय संबंध? टोपी त्याच्या डोक्यावर, टॉवेल त्याच्या खांद्यावर. तो बिचारा माझ्याकडे बघेना. मग खोबरं वाटलं. सगळ्यांत शेवटी एक तुकडा माझ्या हातावर वरून टाकला. मी तो खाल्ला. थू माझ्या जिनगानीवर! अजून ते खोबरं घशात अडकलंय.

का खाल्लं? ठेका जाईल म्हणून.

आम्ही सेंट्रिंगवाले. म्हणजे स्लॅबच्या खाली लोखंडी प्लेटा आणि त्यांना टेकू द्यायच्या लाकडी बल्ल्या लावणारे. प्लेटा-बल्ल्या माझ्या नवऱ्याच्या. तो धुळ्यात एका स्लॅबखाली गेला. मालकाला दुकानाचं उद्घाटन करायचं होतं, स्लॅब पक्का होऊन बल्ल्या काढेपर्यंत थांबायला तयार नव्हता. सकाळी निघताना नवरा मला म्हणाला होता, "कच्चा आहे गं अजून. पण मालकाला नाही कसं म्हणू?" दुपारी निरोप आला. मालक पोलिसांना म्हणाला, मी कुठं काढ म्हटलं होतं? चूक ठेकेदाराची. कागदावर तसंच आलं. मेलेला माणूस काय बोलणार!

प्लेटा घरी आल्या. त्यातली एक पार वाकलेली. ती कुठल्याच स्लॅबला बसत नाही, पण मी ती भंगारात दिली नाही. बाकीच्या दारात पडून राहिल्या. माझा दीर भिला म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, कशाला? जन्म गेला घमेली वाहण्यात. दुसऱ्याच्या हाताखाली वाहण्यापेक्षा आपलाच ठेका घेऊ. मग जळगावात साइटा फिरले. जिथं जाईन तिथं एकच प्रश्न, ठेकेदार कुठंय? मीच, म्हटलं की हसायचे. एकानं तर विचारलं, नवरा मेला म्हणून माल विकायला आलीस का?

शेवटी एरंडोल रस्त्यावर आबांच्या नव्या घराचा पोर्च मिळाला. आबा केळीचे मोठे बागायतदार. आखाजीला गृहप्रवेश करायचा होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खान्देशातल्या बायांची दिवाळीच. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आबांची एकुलती लेक येणार म्हणून पोर्चच्या स्लॅबमध्ये झोक्यासाठी कडीसुद्धा सोडून ठेवली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. "सेंट्रिंग खोलून टाक. संध्याकाळी मांडववाला येतोय."

स्लॅब टाकून आठवडाही झाला नव्हता. असा स्लॅब खोलत नाहीत हे आबांना माहीत होतं, त्यांच्या इंजिनिअरला माहीत होतं, समोरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. मी पोचले तर इंजिनिअरचा फोन बंद. ऊन असं की स्लॅबवर टाकलेलं ओलं बारदान वाळून कडक झालेलं. मी खाली गेले. पोर्च चांगला लांबरुंद होता, मधे एकही खांब नाही. नवरा करायचा तसा मधल्या बल्लीला कान लावला. लाकूड कुरकुरत होतं. थांबायचं, परत कुरकुरायचं. म्हणजे सगळा भार अजून बल्ल्यांवरच.

बाहेर येऊन म्हटलं, "आबा, अजून कच्चा आहे. आत माणूस घालता येणार नाही."

"काही होत नाही. एकदा टिकला म्हणजे टिकला. तुम्ही काढा तर खरं."

"नाही टिकला तर?"

"अपशकुनी बोलू नको!" आबा गरजले. "आधीच तुझ्यासारखीला काम दिलं हीच चूक झाली. पुढचा मजला हवाय की नको?"

भिला माझ्या कानाशी आला. हातोडा त्याच्या हातात होताच. "जाऊ दे वहिनी, काढी टाकूत. पहिलाच ठेका शे आपला."

मी त्याच्याकडे बघितलं. तोच चेहरा, थोरल्या भावाचा. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून 'जा' येतच होतं. ओठावर होतं.

तेवढ्यात गाडी थांबली आणि आबांची लेक उतरली. हातात झोक्याचा नवा दोर. "बाबा, कडी कुठं लावली?" म्हणत ती सरळ पोर्चमध्ये शिरायला लागली.

"मझार नको जाऊ! मझार नको जाऊ, बेटा!"

आबा धावले. एवढा जाडजूड माणूस, चप्पल पायातून निसटली तरी धावला. लेकीचा दंड धरून तिला रस्त्यापर्यंत ओढत नेलं. मझार म्हणजे आत. एरवी आबा आमच्याशी शहरातली मराठी बोलायचे. घाबरले तेव्हा घरची बोली तोंडात आली.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. या माणसाला सगळं ठाऊक होतं. धुळ्याच्या मालकालाही ठाऊक असणार. स्लॅब टिकतो की नाही हे आमची माणसं आत घालून बघायचं आणि मग लेकीचा झोका बांधायचा!

"भिला, हातोडा टेम्पोत टाक," मी म्हटलं.

आबा वळले. "काय म्हणालीस?"

"नाही खोलणार म्हणाले. तुमची लेक आत जाईल त्या दिवशी माझा दीर आत जाईल."

लेक बापाकडे बघायला लागली. आबांचा चेहरा काळानिळा झाला. "तुझ्यावाचून अडलं का? दुसरे आणतो."

"आणा. पण बल्ल्या माझ्या आहेत. माझ्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

मी भिलाला घरी पाठवलं आणि पोर्चखाली मधल्या बल्लीला पाठ लावून बसले. रात्रभर हलले नाही. आखाजीला पितरांची घागर भरतात. माझ्या नवऱ्याची घागर घरी भिलानं भरली, मी इथं होते. दिवस उजाडता उजाडता आबा मोटारसायकलवर दोघांना घेऊन आले. दोघांकडे हातोडे. एकानं माझ्याकडे बघितलं, मग वर स्लॅबकडे बघितलं.

"बाई, सरक," तो म्हणाला.

"मार. मी इथंच बसलीय."

पाठीशी बल्ली कुरकुरत होती. भीती वाटत होती, का नाही वाटणार? त्यानं तंबाखू थुंकली. "आबा, आम्ही नाही घुसत," म्हणाला आणि दोघं चालायला लागले.

गृहप्रवेश मागच्या दारानं झाला. पोर्चची मुदत भरल्यावर सेंट्रिंग मी आणि भिलानं खोलली, पहिली बल्ली मी काढली. पुढचा मजला दुसऱ्याला गेला. आबांनी सगळीकडे सांगितलं, ती बाई अपशकुनी आहे, भांडकुदळ आहे. एरंडोलकडे मला आता कोणी उभं करत नाही.

आज धुळ्याच्या हायवेला एका नव्या मालकाकडे प्लेटा घेऊन आलेय. वाकलेली प्लेट टेम्पोत सगळ्यांत वर ठेवलीय. त्यानं ती बघितली, पण कसली ते विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "वास्तुशांतीची जरा घाई आहे, लवकर खोलता येईल ना?"

मी त्याला सांगितलं. नारळ मी फोडणार. सेंट्रिंग मी म्हणेन तेव्हाच खोलायची. घाई झाली तर आधी तुमच्या घरातलं माणूस त्या स्लॅबखाली उभं करायचं, मग माझं माणूस आत येईल. कबूल असेल तर प्लेटा उतरवते. नाहीतर टेम्पो चालूच आहे.