ब्रेकमामांचं ताट

गल्लीतली पोरं त्यांना ब्रेकमामा म्हणायची. मामांनी वरून कितीही आठ्या घातल्या तरी ते नाव त्यांना मनापासून आवडायचं. चाळीस वर्षं या माणसानं फक्त ब्रेक केले. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं की मामा समोरच्या गॅरेजकडं बोट दाखवायचे. "पळवणारे पुष्कळ आहेत. थांबवायचं असेल तर माझ्याकडं या," हे वाक्य गिऱ्हाइकांना तोंडपाठ होतं, कारण ते ऐकल्याशिवाय गाडी परत मिळतच नसे.

कामाची त्यांची एक पद्धत होती. गाडीतून जे निघेल ते एका जुन्या ताटात, निघालं त्या क्रमानं, कडेकडेनं गोल मांडायचं. नवा भाग बसला तरी जुना फेकायचा नाही. गाडी पहिली लांबची फेरी मारून धड परत आली की मगच ताट रिकामं. ताट मामींनी मोडीत काढलेलं होतं. त्या म्हणायच्या, "घरातल्या ताटात एवढं लक्ष घातलं असतं तर भाजीत मीठ नाही हे तरी कळलं असतं."

मामांची लेक रोपं विकायची. त्यासाठी तिनं एक व्हॅन घेतली, वयानं तिच्यापेक्षा मोठी. गोल दिवे, सरकतं दार, दिसायला गोड. मामा ती एकदा चालवून आले आणि तोंड पाडून खाली उतरले. चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. ती फुटली की कारभार आटोपला. पेडलवर उभं राहावं तेव्हा कुठं गाडी थांबायचा विचार करायची.

"हिला मी माणसांत आणतो," मामा म्हणाले. "मध्ये कुणी लुडबुड करायची नाही."

हे लेकीला उद्देशून होतं, कारण तिलाही या कामातलं पुष्कळ कळायचं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं. ती काढायला एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करायचा. लहानपणापासून आत बसायची ती हीच. दाब, धर, सोड हे तीन शब्द तिनं बाराखडीच्या आधी ऐकले असतील.

तीन आठवडे मामा व्हॅनखाली होते. पुढं नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक बसवले, मागं ड्रम ठेवले, पेडल हलकं व्हावं म्हणून बूस्टर लावला. तेल दाबणारा मास्टर सिलिंडर दोन लाइनींचा घातला, दुसऱ्या एका जुन्या, ड्रमच्याच गाडीतून काढलेला; तो खोलून त्याचे जुने भागही ताटात मांडले. शेवटच्या संध्याकाळी लेक गल्लीतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बाबा, नुसता पाय टेकवला तरी थांबते." त्या दिवशी मामा दोन घास जास्त जेवले.

खरं सांगायचं तर मामांचं अलीकडं काहीतरी बिनसलं होतं. हातातला पाना शोधत फिरायचे. गेल्या महिन्यात एका गाडीच्या चाकाचे नट आवळायचे राहिले. रात्री अंथरुणात आठवलं, सकाळी धावत जाऊन पाहिलं, तर नट घट्ट. मीच आवळले असणार, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. विषय मिटला, धास्ती काही मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी सातलाच लेक व्हॅन भरून निघाली. घाटापलीकडच्या गावाला दोनशे कुंड्या पोचवायच्या होत्या. मामा चहाचा कप घेऊन ताटाशी आले. मनातल्या मनात एकेक भाग म्हणत गेले आणि एका जागी थांबले. बसवलेल्या मास्टर सिलिंडरच्या स्प्रिंगनंतर एक रबरी वॉल्व्ह असायला हवा होता, चण्याएवढा. तिथं ताट नुसतंच चमकत होतं.

हा वॉल्व्ह ड्रमसाठी असतो. तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. डिस्कच्या लाइनीत मात्र तो काढायलाच लागतो, नाहीतर ब्रेक सुटतच नाही. चाक घासत राहतं, तापतं, तेल उकळतं, आणि नेमकं उतारावर पेडल तळाला जातं. हाताखालच्या प्रत्येकाला मामांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. ताटात नाही म्हणजे गाडीत आहे.

मामांना ब्रह्मांड आठवलं. फोन लागेना. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या मोटारसायकलवर मागं बसत ते म्हणाले, "घाटाकडं घे."

"काय झालं मामा?"

"विचारू नकोस. चालव."

चढाच्या प्रत्येक वळणावर मामा दरीकडं बघत होते. बघायचं नव्हतं, तरी बघत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं आपण सुखरूप घरी पाठवली आणि स्वतःच्या पोरीला असं पाठवलं, एवढंच डोक्यात होतं.

व्हॅन घाटमाथ्यावर उभी होती. चाकांना दगड लावलेले. उतार तिथून पुढं सुरू होत होता. लेक दाराच्या पायरीवर बसली होती. मामा उतरून थेट पुढच्या चाकाशी गेले.

"पुढची दोन्ही तापलीत, मागची गार," ती म्हणाली. "चढ संपला की चाकाला हात लावून बघायचा, तुम्हीच लावलेली खोड."

"वॉल्व्ह राहिला गं," मामा म्हणाले. "माझ्या डोक्यातून हल्ली जातं सगळं. कुणाला बोललो नाही."

"मला माहीत आहे, बाबा."

मामांना ते नट आठवले. "तू आवळलेस?"

तिनं मान डोलावली. "तुम्ही दुपारी पडलात की मी ताट बघते. वर्ष झालं. तुमच्या हातची प्रत्येक गाडी बघते."

"मग ही?"

"ही नाही बघितली. म्हटलं, माझी गाडी आहे. हिच्यात तुमचं चुकणार नाही."

पंक्चरवाला उगाचच मोटारसायकल पुसायला लागला.

चाकं निवल्यावर हत्यारं काढली. मामांनी पाना घेतला, क्षणभर हातात धरला आणि तिच्यापुढं केला. मग ते स्वतः आत जाऊन बसले. तिनं सिलिंडर खोलला, वॉल्व्ह काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, तेल भरलं आणि पुढच्या चाकाशी उकिडवी बसली.

"दाबा," ती म्हणाली.

मामांनी दाबलं.

"धरा."

मामांनी डोळे पुसले नाहीत. पाय हलला असता.