मला डफडं वाजवता येत नाही

सरांनी डफड्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला, तेव्हा नाटकातली मुलं समोर रांगेत उभी होती. पट्टा लांब होता. डफडं गुडघ्यावर आपटलं. कोणीतरी हसलं.

"पाहुण्यांची जीप गेटावर थांबली का सुरू करायचं," सर म्हणाले. "गेटापासून स्टेजपर्यंत. तू पुढं, साहेब मागं."

मी म्हणाले, "सर, मला वाजवता येत नाही."

"येत नाही?" त्यांनी रांगेकडे पाहिलं. "ऐका बे. हिले येत नाही म्हणते." मग माझ्याकडे वळून, "तुमाले शिकवा लागते काय? अंगातच राहते ते तुमच्या."

या वेळी सगळे हसले. सर रागावलेले नव्हते. मजेत होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर अनेकांनी विचारलं, ते तुझा राग करत होते का. नाही. वर्गात धडा वाचायला ते मलाच उभं करायचे.

मी नववीत होते. शाळा मराठी माध्यमाची, आदिलाबाद जिल्ह्यातली. ऑफिसात तेलुगू, इचोड्याच्या बाजारात हिंदी, घरी आणि शाळेत मराठी. कापूस वेचणीच्या दिवसांत गॅदरिंग व्हायचं. त्या वर्षी सरांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. एका विधवेची जमीन गावचा मोठा माणूस बळकावतो. ती फाटक्या लुगड्यात राजाच्या दरबारात जाते आणि न्याय मागते. सगळं नाटक तिच्यावर होतं.

सुरुवातीला ती भूमिका मी वाचत होते. मला पाठ झाली म्हणून सरांनी मलाच उभं केलं. मान वर. नजर शेवटच्या रांगेवर. श्वास पोटातून. वाक्य संपेपर्यंत आवाज पाडायचा नाही. हे सगळं सरांनी शिकवलं आणि नीट शिकवलं. तोवर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. घरात तेवढी जागा नव्हती. आई-बाबा ज्याच्याकडे कामाला होते, त्या पटलाच्या शेतात तशी पद्धत नव्हती. त्या बाईचं एक वाक्य होतं: "उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अर्ध्यातच थांबले. नंतर नंतर ते माझंच झालं. तालमीच्या खोलीत मी ते म्हणाले की मुलं वळून बघायची.

मग मांडव आणि माईक पटलाकडून येणार असं ठरलं. पटेल म्हणजे गावचे मोठे शेतकरी. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर ती उभी होती.

मी सरांना विचारलं. एकदाच विचारलं. ते म्हणाले, "हे बघ, तू फाटकं लुगडं नेसून आलीस तर लोकांना नाटक वाटणार नाही. तिनं नेसलं तर नाटक."

तिच्यासाठी नवं लुगडं आणलं. त्याला ठिगळं लावली. मातीत घोळलं. माझी आई त्याच सुमारास ठिगळाच्या लुगड्यात त्यांच्या शेतात कापूस वेचत होती. यात मी काही वाढवून सांगत नाही.

माझ्या वाट्याला डफडं आलं. स्टेजवर नाही, गेटावर.

घरी मी ते दाराशी ठेवलं. बाबा शेतावरून आले. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, डफड्याकडे पाहिलं. खाली बसले. कडं फिरवलं. एका जागी कडं फुटलेलं होतं आणि तांब्याच्या तारेनं बांधलेलं होतं. त्या तारेवर त्यांनी अंगठा ठेवला.

"कुठून आणलं?"

"सरांनी दिलं. पटलाकडून मागून आणलं."

"माह्या बापाचं हाय हे," बाबा म्हणाले. "ही तार मीच धरली होती, तो बांधे तवा."

आई चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

आजोबांची गोष्ट मला माहीत होती. गावात कोणी मेलं, साहेब आला, देवाची पालखी निघाली, की त्यांनी डफडं घेऊन पुढं चालायचं. हा त्यांचा छंद नव्हता. ते काम होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आजोबा डफडं घेऊन पटलाच्या वाड्यावर गेले. ओट्याच्या पायरीवर ठेवलं. तसेच परत आले. तेव्हापासून ते पटलाच्या गोठ्यात खुंटीला होतं. आमच्या घरात त्यानंतर कोणी काही वाजवलं नाही. आम्ही पोरं जेवताना ताट वाजवायला लागलो तर आजोबा ताट काढून घ्यायचे. बाबांनी कधी काडी हातात धरली नाही. मी तर डफडं पहिल्यांदाच जवळून पाहत होते.

सरांना वाटत होतं ते आमच्या अंगात आहे. आमच्या अंगात ते सोडणं होतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

बाबा तार चाचपत राहिले. "वाजव म्हणून मी सांगत नाई," ते म्हणाले. "नको वाजवू म्हणून बी सांगत नाई. माह्या बापानं कोणाले इचारलं नवतं."

त्यांना काय पणाला लागणार ते कळत होतं. आम्ही पटलाच्या शेतावर होतो. मलाही कळत होतं.

गॅदरिंगच्या दिवशी मी डफडं घेऊन गेटावर उभी राहिले. शाळेचे शिपाई काका जवळ आले. कातड्यावर बोट मारलं. "काऊन व, शेकलं नाई? असं ढब ढब वाजंल ना." कातडं आधी विस्तवावर शेकावं लागतं, तरच ते खणखणीत बोलतं, हे मला ठाऊकच नव्हतं. काका चकित झाले. आमच्या वस्तीची पोर, आणि हिला हे माहीत नाही.

जीप आली. मंडल ऑफिसचे, म्हणजे तालुक्याचे, साहेब उतरले. पटेल पुढं झाले. सरांनी मला हातानं खूण केली.

मी पट्टा गळ्यातून काढला. डफडं गेटाच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. दोन्ही काड्या त्यावर ठेवल्या.

सर धावत आले. "काय करून राह्यली तू?"

"मला वाजवता येत नाही," मी म्हणाले. श्वास पोटातून, नजर समोर, वाक्य संपेपर्यंत. "आमच्या घरी शिकवत नाहीत."

साहेबांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं असावं काय झालं, कारण पटेल हसून तेलुगूत काहीतरी म्हणाले. मग साहेब डफड्याला वळसा घालून आत गेले. त्यांच्यामागे सगळे वळसा घालून गेले. सर जाता जाता म्हणाले, "मांडवात पाय ठेवायचा नाही."

मी मांडवाबाहेर उभी राहिले. तिथून स्टेज अर्धं दिसत होतं. नाटक सुरू झालं. पटलाची मुलगी वाईट करत नव्हती. तिला मान वर ठेवायला शिकावं लागलं नव्हतं. ते वाक्य आलं तेव्हा माझे ओठ हलले. आवाज काढला नाही. मला रडू आलं नाही. राग आला असंही म्हणता येणार नाही. काहीच आलं नाही.

थोड्या वेळानं बाबा मांडवातून उठून बाहेर आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. टाळ्या होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

त्या हंगामात पटलाकडून पुन्हा बोलावणं आलं नाही. बाबा आणि आई दुसऱ्या गावात वेचणीला जाऊ लागले. सरांनी मला पुन्हा धडा वाचायला उभं केलं नाही. एवढंच झालं. कोणी मारलं नाही. कोणी शिवी दिली नाही.

आता मी शिक्षिका आहे. सरकारी शाळा, मराठी माध्यम, याच जिल्ह्यात. मध्यंतरी जिल्ह्याच्या गावी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, नाटक, गाणं, नाच, वाद्यं यांचा विद्यार्थ्यांना उपयोग. हैदराबादहून आलेले तज्ज्ञ छान बोलले. रंगमंचावर मूल स्वतःचा आवाज ऐकतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकतं. चारचौघांत नजर वर ठेवतं. मी ऐकत होते. यातलं काहीही खोटं नव्हतं. माझ्यावरच सिद्ध झालेलं होतं. कोणाला उभं करायचं हे कोण ठरवतं, एवढं फक्त ते बोलले नाहीत.

दुपारी गट पाडले. संयोजक, आमच्याच भागातले मुख्याध्यापक, यादी वाचत माझ्यापाशी थांबले. हसले. "मॅडम, डप्पूचा गट तुमच्याकडे. तुमचंच आहे ते."

डप्पू म्हणजे तेलुगूत डफडंच. आता त्याला मान आहे. स्पर्धा होतात, स्टेजवर वाजतं, साहेब लोक टाळ्या देतात. मला त्या वाद्याचा राग नाही. ज्यांनी ते निवडलं आणि जीव ओतून शिकले, त्यांचं वाजवणं मी थांबून ऐकते.

"मला वाजवता येत नाही," मी म्हणाले.

"अरे, असं कसं?"

त्यांचाही आवाज मजेचा होता. तोच. इतक्या वर्षांनी, माणूस दुसरा, आवाज तोच. मला पुन्हा काही वाटलं नाही. फक्त एक गोष्ट लख्ख दिसली. मी डफडं खाली ठेवून प्रश्न माझ्यापुरता मिटवला होता. पट्टा अजून फिरत होता. उद्या तो माझ्या वर्गातल्या कुणाच्या गळ्यात पडेल, आणि घालणारा हात कदाचित माझा असेल, कारण मीच गॅदरिंग बसवते.

परत आल्यावर मी शाळेत एक पद्धत सुरू केली. व्हरांड्यात माझी जुनी साडी बांधते. निम्मी मुलं साडीमागे बसतात, नंतर अदलाबदल; पाळी कोणाची ते आतच ठरतं. प्रत्येकानं प्रत्येक भूमिकेचं वाक्य म्हणायचं. प्रत्येकानं प्रत्येक वाद्य वाजवून बघायचं. मीही बाकीच्या मुलांत, इकडच्या बाजूला बसते. आत कोणाची पाळी आहे ते दिसत नाही. आवाज ऐकायचा आणि हात वर करायचे. सगळ्यांचं झालं की साडी सोडायची आणि जास्त हात कोणाला ते बघायचं. आवाज ओळखू येतात, असं मुलं म्हणतात. येत असतील. काडीचा ठोका मात्र ओळखू येत नाही.

या वर्षी नाटकातली मुख्य भूमिका एका ट्रकवाल्याच्या मुलीला मिळाली. डफडं आठवीतल्या एका मुलीला. तिचे वडील कापूसवाले शेतकरी, शाळा समितीवर आहेत, देवळाच्या कामात पुढं असतात. मुलगी वाजवते. इचोड्याहून एक वादक शिकवायला येतात, ते गेल्यावरही ती बसून असते. कातडं ती स्वतः शेकते. हाताला धुराचा वास असतो.

परवा तिचे वडील शाळेत आले. हात जोडून बसले.

"बाई, आमच्या पोरीच्या गळ्यात डफडं?"

"तिला येतं," मी म्हणाले.

"येते म्हणून काय झालं? सोयरे काय म्हनतील? आमच्या घरात कोनी वाजवलं नाई."

"आमच्याही घरात वाजवत नाहीत."

"पडद्यामागं कोन हाय, तुमाले माहीत नवतं?"

"नाही. म्हणूनच पडदा."

"तुमी शिकलेल्या हा, बाई. समजून घ्या. तिले गाण्यात टाका. डफडं तुमच्या वस्तीतल्या एखाद्या पोराले द्या. त्याईले जमते ते."

सरांनी सुरू केलेलं वाक्य पूर्ण झालं. ते वाईट माणूस नाहीत. मुलीला सायकल घेऊन देणारे, तिला शिकवू पाहणारे. मी मुलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. डफडं तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, बदलून टाका ना. एवढ्याशा गोष्टीसाठी काऊन तक्रार ओढून घेता? समितीचा माणूस आहे. बदलीपर्यंत जाईल."

मी म्हणाले, "बदलते. तुम्ही मला लेखी द्या. शेतकऱ्याच्या मुलीनं वाजवू नये म्हणून काढलं, आणि वस्तीतल्या मुलाला त्याच्या जातीमुळं दिलं. खाली सही करा."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"असं कुठं लिहिता येते का?" ते म्हणाले.

"लिहिता येत नाही ते मी करणार नाही."

गॅदरिंग याच आठवड्यात आहे. पाहुणे येतील. ती मुलगी वाजवेल. गेटावर नाही, कुणाच्या पुढं चालत नाही. स्टेजवर, मध्यभागी. तिला नको झालं तर तिनं स्वतः पट्टा काढावा, तिला मी अडवणार नाही. दुसऱ्या कोणी हात घातला, तर मी मध्ये उभी राहणार आहे. बदलीचा कागद आला तर साडी घडी करून पिशवीत घालीन. पुढच्या शाळेलाही व्हरांडा असेलच.