बेअदबीचा चिंचोका

इंग्रजांच्या अमलात वाशीमच्या नाक्यावर म्युनिसिपालिटीनं सायकली मोजायला एक म्हातारबाबा बसवले होते. पांढरीशुभ्र दाढी, समोर मडकं आणि खिशात चिंचोके. सायकलस्वार गेला की मडक्यात एक चिंचोका टाकायचा, एवढंच काम. पण वडीलधाऱ्यांसमोरून सायकलवर बसून जाणं तेव्हा मोठा उद्धटपणा. बाबा दिसले की जो तो उतरे, सलाम करी आणि सायकल हातात धरून पुढे जाई. हातातली सायकल बाबा मोजत नसत. मीही असाच उतरलो, तेव्हा दुपार टळली होती आणि मडकं रिकामंच होतं.

“बेटा,” बाबा काकुळतीला येऊन म्हणाले, “साहेबानं बसून जानाऱ्याच मोजाले सांगतल्या. आता तो येऊन मडकं पाहीन अन् माही नोकरी जाईन. माह्यासाठी येवढी बेअदबी कर.”

मी मागे गेलो, टांग मारली आणि मान खाली घालून त्यांच्यासमोरून निघालो. मडक्यात चिंचोका टणकन वाजला.

पाठोपाठ बाबा कडाडले, “कोनाचा हायेस रे तू? मोठ्या मानसासमोरून बसून जाऊन राह्यला!”