हरलेल्याची कॉफी

अण्णा गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी चिकपेटमध्ये पडद्यांचं कापड बघत होते. कापड तसंच टाकून बसवनगुडीला त्यांच्या घरी पोचले… त्याला आता महिना झाला.

अण्णांचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि आमच्या छोट्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. सहा वर्षांपूर्वी मंडळाच्या निवडणुकीत मी त्यांना हरवलं. आता हे रुसणार, असं मी धरूनच चालले होते. ते उठून मंडळाच्याच स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली कॉफी घेऊन आले. "घे अक्का. हरलेल्यानं कॉफी करायची, आमच्या मंडळाची रीतच आहे ती." माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणायचा!

शेजारशेजारचे देश, थोड्याफार फरकाने एकाच काळात स्वतंत्र झालेले. मग एकीकडे लोकशाही रुजते आणि दुसरीकडे पुन्हापुन्हा उखडते, असं का, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मी एकदा सहज म्हणून गेले, "तिथली माणसंच तशी." असे भडकले! "माणसं सगळीकडे सारखीच गं. तिथं हरलेल्याला घरी जाता येत नाही, तुरुंगात जावं लागतं. मग खुर्ची सोडेल कोण?" जमिनी कुणाच्या हातात, लष्कर किती शिरजोर, हे सगळं ते सांगतच, पण शेवटी गाडी हरण्यावर यायची. मग शांत होऊन म्हणायचे, "जमेल त्यांनाही. स्वल्प वेळ लागेल, एवढंच. आपल्यालाही रोज शिकायला लागतंय की."

गेल्या रविवारी मी हरले. वर्षभरापूर्वी नागपूरहून आलेल्या अनघाने चार मतांनी हरवलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. माझ्या बाजूचे लोक म्हणाले, चला, राजाजीनगरला वेगळं मंडळ काढू. मीही पर्स उचलली होती. बाहेर पडताना स्वयंपाकघराच्या फळीवर अण्णांचा फिल्टर दिसला… आणि पाय अडले.

कॉफी अगदीच पाणचट झाली. अनघाला रीत कुठली ठाऊक असायला? माझ्या हातातून कप घेत ती घाईघाईने म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला? पुढच्या वेळी मी करते नं!"

मला हसू फुटलं, डोळेही भरले. "करशील गं," म्हटलं, आणि फिल्टर कुठे ठेवतात ते तिला दाखवलं.