विमलचा गुरुवारचा तास

विमल गेली तेव्हा मी एसटीत होते. अकोल्याहून परत येताना गाडी मेडशीला थांबली होती आणि फोनवर तिच्या नवऱ्याचा, कांतिभाऊंचा आवाज आला, "बाई, तुमची मैत्रीण झोपेतच गेली..." पुढचं काही कानात शिरलं नाही. शेजारच्या बाईने न विचारता मला खिडकीची जागा दिली, एवढंच आठवतं. त्याला आता महिना होत आला. रडून झालं आहे. आता तिची आठवण आली की हसूच येतं. तीस वर्षं मी रिसोडच्या शाळेत शिकवलं, पण विमलसारखी विद्यार्थिनी मला एकही मिळाली नाही. कापड दुकानदाराची ही बायको साठाव्या वर्षी जपानी चहाविधी शिकायला बसली आणि अकरा वर्षं शिकत राहिली.

झालं असं, की लेकीच्या, शीतलच्या बाळंतपणाला ती जपानात क्योतोला गेली होती. शेजारच्या घरात एक वयस्कर बाई रोज सकाळी गुडघ्यांवर बसून एका लाल रेशमी रुमालाची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. उभं आयुष्य दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यात गेलेल्या विमलला ते खिडकीतून दिसलं आणि राहवेना. "मले वाटलं, ह्या बाईची घडी माह्यापेक्षा चांगली कशी?" असं ती सांगायची. चौथ्या दिवशी ती सरळ जाऊन त्यांच्यासमोर बसली. त्या चहाविधीच्या शिक्षिका निघाल्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. सेन्सेईंना मराठी येत नव्हतं, विमलला जपानी. पहिले दोन महिने त्यांनी हिला फक्त दार सरकवायला, चालायला, वाकून नमस्कार करायला आणि त्या रुमालाची घडी घालायला शिकवलं. चहाचा थेंब नाही! गुडघ्यांवर तासभर बसणं मात्र हिला जड गेलं नाही; जैनांच्या घरात रोज ध्यानाला बसायची सवय होती. "सामायिकाले अठ्ठेचाळीस मिनिटं बसतोच ना व आमी. त्यात काय नवीन?"

परत आल्यावर तिने दुकानामागची मालाची खोली रिकामी केली, चटया अंथरल्या, बुरुडाकडून बांबूची लांब दांड्याची पळी करून घेतली. हिरवी चहापूड आणि ती घुसळायची बांबूची नाजूक रवी शीतल पाठवायची. दर गुरुवारी सकाळी सातला कापडाच्या गठ्ठ्याला टेकवलेल्या फोनवर सेन्सेई दिसायच्या आणि तास सुरू व्हायचा. सुरुवातीला शीतल मध्ये भाषांतर करायची, पुढे त्याची गरज उरली नाही. गावाने व्हायची तेवढी थट्टा केली. नणंद म्हणाली, "एका कप चहाले दीड घंटा? तवर पाहुणा घरी निंघून जाईन." कांतिभाऊ त्या चहाला 'काढा' म्हणत आणि त्या खोलीकडे फिरकतही नसत.

एकदा मात्र सगळं मोडायला आलं होतं. दिवाळीची गर्दी होती. विमल दुकानातून धावतपळत येऊन बसली, भराभर हात चालवू लागली. सेन्सेईंनी दोन मिनिटं पाहिलं, म्हणाल्या, "तुम्ही आज इथे नाही," आणि फोन बंद केला. मी संध्याकाळी गेले तर ही लाल डोळ्यांनी बसलेली. "कुसुम, ह्या वयात मले कोणी असं बोललं नाही. कायले करून राह्यली मी हे? कोणासाठी?" मग डोळे पुसून तीच म्हणाली, "पण खरं बोलली व बाई. मी नव्हतीच तिथं." पुढच्या गुरुवारी पावणेसातलाच ती फोनसमोर बसली होती.

सातव्या वर्षी सेन्सेईंनी तिला पाहुणे बोलवायला सांगितलं. पाहुणे आम्ही दोघं, मी आणि कांतिभाऊ. भाऊंना मी जवळजवळ ओढूनच आणलं. आधी तिळाची वडी खायची, मग वाडगा दोन्ही हातांत धरून जरा फिरवून प्यायचा, चहा करणाऱ्याने मात्र स्वतः प्यायचा नाही, हे तिने आम्हाला शिकवून ठेवलं होतं. विमलने रवी हातात घेतली आणि लाईट गेली. लाईटबरोबर वायफाय गेलं, सेन्सेई दिसेनाशा झाल्या. विमलने मानही वळवली नाही. तिच्या हातांची गती तीच, श्वास तोच. खोलीत फक्त रवीचा आवाज. तिने वाडगा नवऱ्यासमोर ठेवला. भाऊ तो सावकाश फिरवून प्यायले आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात बायको त्यांना चहा देऊन लगेच आत जायची, समोर कधी बसली नव्हती. ते हळूच म्हणाले, "तू नाही घेत?"

विमल इतकी हसली, इतकी हसली, की सगळा विधी तिथेच संपला.

तासाभराने फोन लागला. सेन्सेईंनी विचारलं, "मी नसताना काही गाळलं का?" ही म्हणाली, "नाही. पण शेवटी हसले." त्यावर सेन्सेईही हसल्या. अकरा वर्षांत तेवढं एकदाच, असं विमल सांगायची.

गेल्या गुरुवारी सकाळी मी भाऊंकडे गेले. ते त्या खोलीत चटईवर बसले होते, समोर फोन. शीतलने सेन्सेईंना सगळं कळवलं होतं, पण भाऊंना स्वतः सांगायचं होतं. लेकीकडून शिकून त्यांनी जपानीतलं एक वाक्य पाठ केलं होतं, म्हणे. सेन्सेई दिसल्या आणि भाऊ ते वाक्यच विसरले. मग त्यांनी दोन्ही हात चटईवर टेकवले आणि कपाळ खाली नेलं. सेन्सेईंनीही नेलं.

बराच वेळ झाला. भाऊ खालमानेनेच पुटपुटले, "बाई, त्या उठल्या काय? जरा पाहून सांगा."

मी फोनकडे पाहिलं. नुसता पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता.

"नाही अजून."

"मंग मी बी नाही उठत," भाऊ म्हणाले.